आटलेलं जॉर्जेट

लोणावळ्याच्या बाजारात कादर शिलाईवाल्याचं दुकान पुढे आणि घर मागे होतं. मधे एक जाडाभरडा पडदा. अलीकडे मशीन, पलीकडे चूल. मेहमुदा या घरात सून म्हणून आली त्याला वर्ष व्हायचं होतं, पण अजून ती पडदा सारण्याआधी हळूच खाकरायची. परक्याच्या घरात उतरलेल्या पाहुण्यासारखी.

त्याला कारण होतं. मेहमुदाचं हे दुसरं लग्न. पहिलं घर घाटाखाली होतं. तिथे तिची प्रत्येक गोष्ट चुकायची. भाकरी जाड, चाल धसमुसळी, बोलणं गावंढळ. एके दिवशी धूळ झटकताना भिंतीवरचं घड्याळ तिच्या हातून पडलं आणि त्याच दुपारी तिला तिच्या पत्र्याच्या ट्रंकेसकट बैलगाडीत बसवून दिलं. मुकादमानं माल परत पाठवावा तसं. गाडी वेशीतून बाहेर पडताना सारं गाव दारात उभं राहून बघत होतं. ते बघणं तिच्या मनातून जात नव्हतं.

कादर स्वभावानं गरीब होता. तिला कधी उणं बोलला नव्हता. धास्ती होती ती सासूची. खुर्शीदाबी उंच, हाडापेरानं मजबूत बाई. नवरा वारल्यावर तिनंच दुकान सांभाळलं होतं, कादरला मशीनवर बसवलं होतं. बोलणं मोजकं आणि तेही खडं. सुनेनं केलेलं कालवण ती मुकाट्यानं खायची. चांगलं म्हणायची नाही, वाईटही म्हणायची नाही. मेहमुदाला वाटायचं, ही सगळं मनात साठवते आहे आणि एक दिवस एकदम बाहेर काढील.

त्या हिवाळ्यात तुंगार्लीच्या वाटेवरच्या बंगल्यातल्या पारशीण बानूबाईंनी मुलीच्या लग्नाची साडी दुकानात आणून दिली. सायीच्या रंगाचं रेशमी जॉर्जेट. मुंबईहून आणलेलं. त्याला चारी बाजूंनी जरीची कोर लावून द्यायची होती. कादरनं ते उलगडलं तेव्हा मेहमुदा पडद्याआडून बघतच राहिली. त्याच्या पलीकडे धरलेली कादरची बोटं धुक्यातल्या फांद्यांसारखी दिसत होती. इतकं तलम, तरी हाताला मलमलीसारखं गुळगुळीत नव्हे. बारीक रव्यासारखं दाणेदार, आणि सोडलं की पाण्यासारखं खाली ओघळणारं.

"हे कापड नाजूक दिसतं, पण भारी हट्टी असतं," कादर म्हणाला. "कात्रीखालून सरकतं, सुईखालून पळतं."

कोरीचा रंग जुळेना म्हणून तो सकाळच्या गाडीनं पुण्याला गेला. जाताना मेहमुदाला म्हणाला, "घड्या पडल्यात त्या जरा इस्त्रीनं दाबून ठेव. हलक्या हातानं हं."

खुर्शीदाबी खंडाळ्याला कुणाच्या तरी बारशाला गेली होती. घरात मेहमुदा एकटी. नवऱ्यानं असं महागामोलाचं काम विश्वासानं सांगितलं, याचा तिला मनातून आनंद झाला. तिनं हात दोनदा धुतले, फळीवर स्वच्छ चादर अंथरली, इस्त्रीत कोळसे फुलवले. आणि मग सुती लुगड्यांना करायची तेच केलं. वाटीत पाणी घेतलं, सगळ्या साडीवर हातानं शिंपडलं, गुंडाळी केली आणि पाणी मुरायला ठेवून दिली.

मग तिनं गुंडाळी उलगडली. जिथे जिथे थेंब पडला होता तिथे तिथे कापड आकसलं होतं. कारल्याच्या सालीसारखं खडबडीत झालं होतं. इस्त्री फिरवली की सरळ होईल, म्हणून तिनं घाईनं इस्त्री टेकवली, तर ते आणखीच ओढलं गेलं. एक टोक सरळ करावं तर दुसरं आखडे. मघाशी फळीच्या दोन्ही काठांवरून खाली लोंबणारं कापड आता काठापाशीच संपत होतं.

मेहमुदा मटकन खाली बसली. रडूही येईना. तिच्या डोळ्यांपुढे ती बैलगाडी उभी राहिली, दारादारांतली माणसं उभी राहिली. आता अम्मी येतील, ही चिंधी बघतील. कादर येईल. दोघं एकमेकांकडे बघतील आणि ट्रंक बाहेर निघेल.

'पुन्हा तशी जायची नाही,' तिच्या मनानं घेतलं. 'जायचंच तर आपल्या पायानं जाईन. कुणी गाडीत घालायच्या आधी.'

तिनं ते जॉर्जेट चादरीत बांधलं. ते मागे टाकून जायचा धीर तिला झाला नाही. बाजारात सगळ्यांसमोर ते कुणी उलगडावं, ही कल्पनाच नको वाटली. दाराला कडी घातली, शेजारच्या वाण्याच्या बायकोला "अम्मी आल्या की सांगा, टाकव्याला गेले" एवढं सांगितलं आणि दुपारच्या गाडीनं ती कामशेतला उतरली. ट्रंक मागेच राहिली. तिची आठवणच झाली नाही.

कामशेतहून टाकव्याची वाट तिच्या पायाखालची होती. भातं कापून झाली होती, खाचरांत नुसती धसकटं उरली होती. खळ्याखळ्यावर झोडणी चालली होती आणि आंबेमोहराचा वास वाऱ्यावर होता. एरवी माहेरची वाट धरली की तिची चाल आपोआप वाढायची. आज पाय ओढत होते. इंद्रायणीच्या उतारावर तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि गार पाण्यातून पलीकडे गेली. मधोमध क्षणभर वाटलं, सोडून द्यावं हे पाण्यात. पण हात सुटले नाहीत.

तिचा बाप अल्लाउद्दीन पिंजारी होता. आंदर मावळातल्या गावागावांतून कापूस पिंजून गाद्या-उशा भरून द्यायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मेहमुदाला लहानाची मोठी केली ती शेजारच्या धोंडाबाईनं. धोंडाबाई शेतकऱ्याघरची, तिची खाचरं नदीकाठी होती, आणि तिच्या दोन लेकांबरोबर मेहमुदा तिच्याच ताटात जेवली होती.

मेहमुदा दारात दिसली तेव्हा अल्लाउद्दीन अंगणात गादीला टाके घालत होता. लेकीच्या हातात गाठोडं, बरोबर कुणी नाही. त्याच्या हातातला दाभण तसाच राहिला.

"काय झालं गं? कादर कुटंय?"

आता मात्र तिला रडू कोसळलं. धोंडाबाई आवाज ऐकून कुडाआडून धावत आली. दोघांच्या मधे बसून मेहमुदानं सगळं सांगितलं, गाठोडं सोडून दाखवलं.

धोंडाबाईनं कापड न्याहाळलं. "आगं, हे असंच असंल की. शेरातल्या फ्याशनीचं काय सांगावं?"

"न्हाई मावशी. लय मऊ व्हतं. चांदण्यागत व्हतं." माहेरच्या अंगणात पाय टेकला की तिची भाषाही माहेरची व्हायची.

"त्यांनी हाकललं तुला?" बापानं विचारलं.

"कुणी घरात न्हवतंच. मीच आले."

अल्लाउद्दीननं हातातला दाभण गादीत खोवला. मग म्हणाला, "उद्या तुला घेऊन जातो. पाया पडतो विहीणबाईंच्या. शिव्या दिल्या तर खाऊन घेऊ."

"मी न्हाई यायची, अब्बा."

"बरं, बरं. आदी दोन घास खा," धोंडाबाई म्हणाली आणि तिला हाताला धरून आपल्या चुलीपाशी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी उन्हं चांगली वर आली होती. मेहमुदा धोंडाबाईच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. नदीकडच्या वाटेनं कुणी बाई येताना दिसली. उंच, अंगभर शाल, हातात काठी. एका पायानं लंगडत होती. मेहमुदाच्या हातातलं सूप खाली गेलं.

"मावशी, अम्मी!"

"कोण, तुजी सासू? येवढ्या लांब चालत?" धोंडाबाईनं पदर खोचला. "तू आत जा. मी बगते."

मेहमुदा आत पळाली आणि भाताच्या कणगीमागे जाऊन उभी राहिली. कुडाच्या फटीतून समोर बापाचं अंगण दिसत होतं. खुर्शीदाबी अंगणात आली, काठी भिंतीला लावली आणि कुणी बस म्हणायच्या आत गादीच्या कडेला बसून तळपायातला काटा काढायला लागली.

अल्लाउद्दीन लगबगीनं पुढे झाला. "विहीणबाई, तुमी कशाला तरास घेतलात? मीच पोरीला घेऊन येनार व्हतो. चूक झाली तिच्या हातून. काय बोलायचं ते मला बोला, पोरीला नका बोलू."

"भाऊ, आधी पाणी द्या," खुर्शीदाबी म्हणाली. "बोलायचंच असतं तर एवढी पायपीट कशाला केली असती? लोणावळ्यातून ओरडले असते तरी माझा आवाज टाकव्यापर्यंत पोचला असता."

तिनं तांब्याभर पाणी एका दमात पिऊन टाकलं.

"माझी सून कुठंय?"

धोंडाबाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. "सून मिळंल, बाई. पन आदी सांगा, कशापायी आलात? कापडापायी का पोरीपायी? कापडापायी आला असाल तर ते त्या खुंटीला हाय. घ्या आन् जावा."

खुर्शीदाबीनं मान वर करून तिच्याकडे बघितलं. मेहमुदाला वाटलं, आता स्फोट होणार. पण सासूचा आवाज उलट खाली आला.

"काल घरी आले तर चूल थंड. इस्त्री फळीवर, पाण्याची वाटी शेजारी, कापड गायब. काय झालं ते मला दारातच कळलं. वाण्याची बायको बाहेर गेली होती, ती आली आणि म्हणाली टाकव्याला गेली, तेव्हा जिवात जीव आला. तोवर मी कुठं कुठं शोधलं ते माझं मला ठाऊक. विहिरीत वाकून आले, रेल्वेच्या रुळापर्यंत जाऊन आले." ती थांबली. तिनं शालीच्या टोकानं तोंड पुसलं. "कादर संध्याकाळी आला, त्याला सांगितलं. तो कोरीचं पुडकं हातात घेऊन तसाच बसला. म्हणाला, अम्मी, ती परत नाही आली तर? साडीचं नावसुद्धा काढलं नाही त्यानं. आता विचारते, माझी सून कुठंय?"

धोंडाबाईच्या कमरेवरचे हात खाली आले.

 विहिरीत वाकून आले, हे शब्द कणगीमागे मेहमुदाच्या कानात फिरत होते. पहिल्या घरी ती दिवसभर विहिरीच्या काठावर बसून राहिली असती तरी कुणी वाकून बघितलं नसतं. ती बाहेर आली, अंगण ओलांडून सासूसमोर उभी राहिली. मान खालीच.

"बस," खुर्शीदाबी म्हणाली.

ती बसली.

"न सांगता गेलीस."

"सांगायला तोंड नव्हतं, अम्मी."

"तोंड नव्हतं तर रडायचं. माझ्यासमोर. मी काय वाघ आहे?"

मेहमुदानं मान वर केली आणि तिच्या तोंडून खरं ते निघून गेलं. "मला वाटलं, हाकलून द्याल."

खुर्शीदाबी तिच्याकडे बघतच राहिली. एवढ्या दिवसांत ही पोर हे मनात घेऊन घरात वावरत होती, हे बहुतेक तिला आत्ताच कळत होतं. तिनं आपला रुंद, सुयांनी टोचून टोचून घट्ट झालेला हात सुनेच्या पाठीवर ठेवला. गोंजारला नाही, नुसता ठेवला. पण तो बराच वेळ तिथेच राहिला.

"तुला आणताना सगळं ऐकून-सवरून आणलंय मी. कापडावरून माणूस परत पाठवायची रीत आमच्या घरात नाही. कळलं?" मग लगेच तिचा नेहमीचा खडा सूर परत आला. "आण आता ते गाठोडं. बघू काय दिवे लावलेत."

जॉर्जेट उन्हात उलगडलं तेव्हा तीसुद्धा जरा चपापली. बोटांनी चोळून बघितलं, दोन्ही हातांत धरून हलकेच ताणलं, सोडलं. पुन्हा ताणलं.

"जळलेलं नाही. फाटलेलंही नाही. पिळाचं सूत आहे हे, पाणी लागलं की अंग आखडून घेतं. कादरच्या बापाकडून एकदा असाच क्रेपचा तुकडा आखडला होता. सगळाच भिजवून ओलाच ताणला, तेव्हा सुटला. पण तो ओढणीएवढा. एवढ्या साडीचं काय होईल ते अल्लालाच ठाऊक." ती अल्लाउद्दीनकडे वळली. "भाऊ, या गाद्या कुणाच्या?"

"वडिवळ्याच्या लग्नाच्या. परवा पोचवायच्यात."

"द्या आजच्यापुरत्या. घाण करणार नाही."

मग त्या अंगणात जे सुरू झालं, ते बघायला आळीतल्या बायाही जमल्या. नव्याकोऱ्या गाद्या आंब्याच्या सावलीत एकीला एक लावून मांडल्या. त्यांच्यावर धोंडाबाईनं घरातली धुवट धोतरं अंथरली. मेहमुदानं घंगाळात नितळ पाणी घेऊन साडी त्यात बुडवली. बुडवण्याआधी तिनं दोनदा सासूकडे बघून घेतलं. आदल्या दिवशी नुसत्या शिंतोड्यांनी हा कहर केला होता. पाण्यात ते कापड मुठीएवढं होऊन बसलं.

"पिळू नको," सासू म्हणाली. "उचल आणि धोतरात गुंडाळून दाब. हां. आता तू ते टोक धर, मी हे धरते. मावशी, तुम्ही मधून धरा."

धोंडाबाईनं हौसेनं हात घातला आणि लगेच मागे घेतला. भातलावणीनं चिरा पडलेल्या तिच्या बोटांना कापडाचं सूत अडकलं होतं.

"माजं हात म्हंजी खराटा! हे न्हाई जमायचं बाई."

"हाताला धोतराचा तुकडा गुंडाळा," मेहमुदानं सुचवलं. "मग न्हाई अडकायचं."

खुर्शीदाबीनं मान हलवली. "बरोबर बोलली."

एवढेच दोन शब्द. पण तेव्हापासून मेहमुदानं प्रत्येक गोष्टीसाठी सासूकडे बघायचं सोडलं.

ओलं जॉर्जेट तिघींनी धरलं आणि हळूहळू मागे सरकल्या. झटका द्यायचा नाही, घाई करायची नाही. ओढ, थांब. ओढ, थांब. आधी काही कळेना. मग मेहमुदाच्या बोटांखाली काहीतरी सैल झालं. दमलेल्या माणसानं खांदे खाली सोडावेत तसं. मधल्या सुरकुत्या एकेक करून विरायला लागल्या.

"सुटतंय," ती पुटपुटली. आणि मग ओरडलीच, "अम्मी, सुटतंय!"

"ओरडू नको, हातातलं निसटेल."

खुर्शीदाबीच्या चोळीला कायम टाचण्या अडकवलेल्या असायच्या. त्या काढून तिनं कापडाची कड गादीला टाचली. त्या पुरेनात तेव्हा धोंडाबाईनं बाभळीचे काटे आणले, पण खुर्शीदाबीनं ते नको म्हटलं, काट्याचा डाग पडतो. मग अल्लाउद्दीननं आपल्या सगळ्या सुया आणि दाभण आणून दिले. एक गादी झाली की दुसरी. पदर, मधला भाग, दुसरं टोक. कडेला आळीतल्या बाया बसल्या होत्या, कुत्री-कोंबड्या हाकलत होत्या.

दुपार कलली तेव्हा सगळी साडी गाद्यांवर पसरलेली होती. हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्यात ती बघता बघता वाळत गेली. खुर्शीदाबीनं एका कडेच्या टाचण्या काढल्या.  टाचण्या निघाल्या तरी कापड आखडलं नाही. मेहमुदानं खालून हात घालून ते उचललं. पलीकडे धोंडाबाईचा चेहरा, आंबा, खळ्यावरच्या पेंढ्याची गंजी, सगळं त्यातून दिसत होतं, जरासं धूसर आणि गोड.

धोंडाबाई पुढे झुकली. "आगं बया! आता कळलं चांदनं म्हंजी काय."

 अल्लाउद्दीन घराच्या मागे गेला आणि बऱ्याच वेळानं चेहरा धुऊन आला.

पन्ह्यात, म्हणजे रुंदीला, मात्र कापड पुरतं परत आलं नव्हतं. खुर्शीदाबीनं वीत लावून बघितली. "बोटाबोटाची तूट आहे. काठाला. कोर कापडावर बसवण्याऐवजी काठाबाहेर बसवली तर भरून निघेल. कादर करील ते. पण बानूबाईंना सांगायचं मात्र. लपवायचं नाही. लपवलं की माणूस पळत सुटतं."

तिनं हे सुनेकडे न बघताच म्हटलं. मेहमुदाला हसू आलं. दोन दिवसांतलं पहिलंच.

धोंडाबाईनं विहीणबाईंना तसं जाऊ दिलं नाही. नव्या तांदळाचा भात, घरचं तूप आणि कालवण झालं. अल्लाउद्दीननं बैलगाडी सांगितली. गाडी दारात आली तेव्हा मेहमुदा क्षणभर अडखळली. खुर्शीदाबी आधीच वर चढून बसली होती. तिनं हात पुढे केला.

"चल, वर ये. माझा पाय ठणकतोय, तेल तुलाच लावायचंय."

मेहमुदानं हात धरला आणि चढली.

लोणावळ्याला आगगाडी थांबली तेव्हा दिवेलागण झाली होती. फलाटावर कादर उभा होता. सकाळपासून पुण्याकडून येणारी प्रत्येक गाडी त्यानं बघितली होती. स्टेशनावरचा हमाल आता त्याला बघून हसायला लागला होता. बायको डब्यातून उतरताना दिसली तसा तो पुढे आला.

"चहा घेतलास का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग चल."

"आणि मी?" मागून खुर्शीदाबी म्हणाली. "मी काय बोजा आहे? उतरव मला."

बानूबाईंना खुर्शीदाबीनं स्वतः जाऊन सगळं सांगितलं, मेहमुदाला बरोबर नेऊन. बानूबाईंनी साडी खिडकीशी नेऊन उजेडात धरली, बराच वेळ उलटसुलट केली.  मग बानूबाई आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "काय खराब नाय झाला. कोर बाहेर बसवली, ते तर उलटा जास्त शोभते. बहु सरस." आणि मुलीला हाक मारून त्यांनी पदर तिच्या डोक्यावर ठेवून बघितला. त्या पोरीचा लाजलेला चेहरा जॉर्जेटमागून दिसत होता. मेहमुदा तो बघत उभी राहिली. आपण या घरात एक अपराधी म्हणून आलो आहोत, हे ती पार विसरली.

पुढे घरात फार काही बदललं नाही. खुर्शीदाबी तशीच मोजकं आणि खडं बोलत राहिली. एका दुपारी ती जेवायला बसली, घास घेतला आणि मुकाट्यानं पुढचा घास कालवायला लागली.

मेहमुदा तिच्याकडे बघत होती. "अम्मी, कसं झालंय?"

"काय?"

"कालवण. रोज खाता, काहीच बोलत नाही. कसं झालंय ते सांगा की."

खुर्शीदाबीचा घास हातातच राहिला. "मीठ जास्त आहे. तू आलीस त्या दिवसापासून जास्त आहे."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"नवी पोर, कशाला दुखवायची म्हणून."

"इतके दिवस खारट खाल्लंत?"

"तर काय!"

पडद्यापलीकडे मशीन थांबली. कादर हसत असावा. मेहमुदानं सासूच्या ताटात भाताचा मोठा डाव वाढला, मिठाचा उतारा म्हणून. मग आपलं ताट ओढून तिच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "उद्या कमी घालते. पण मग अळणी झालं म्हणून सांगायचं, हं."

"सांगीन ना. घाबरतेय की काय मी तुला?"

दोघी जेवत राहिल्या.